अंगठ्याखालची रेघ

प्रयोगशाळेत त्याला सगळे सहाभांडे म्हणायचे. हे त्याचं आडनाव नव्हतं. काचेची, गोल बुडाची सहा भांडी एका ओळीत बसवलेलं एक यंत्र तिथं होतं आणि सव्वीस वर्षं हा माणूस त्या यंत्रासमोर उभा होता. भांड्यांत अंगाइतकं कोमट पाणी, प्रत्येकात एक दांडी, दांडीच्या टोकाला वल्ह्यासारखं पातं. मिनिटाला पन्नास फेरे, एक जास्त नाही की एक कमी नाही. एकेका भांड्यात एकेक गोळी सोडायची आणि बघत बसायचं. माणसाच्या पोटात ती किती वेळात विरघळेल ते बाहेरच्या बाहेर कळावं म्हणून हा खटाटोप. दर तासाला नळीनं थोडं पाणी काढायचं, त्यात किती औषध उतरलं ते मोजायचं, नोंदवहीत लिहायचं. कुणी विचारलं की तुम्ही काय करता, तर तो म्हणे, गोळ्या विरघळताना बघतो. लोक हसत. तोही हसे, पण त्या हसण्यात ताठा होता. हसा लेको, तुम्हाला काय कळतंय, असा.

हा नाद त्याला लागला तो ताईमुळे. आई गेली तेव्हा हा सहा वर्षांचा आणि ताई सतराची. बाप गोदामात पाळीवर. पाळी सुटली की घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. ताईनं शाळा सोडली, गणवेश शिवण्याच्या कारखान्यात मशीनवर बसली आणि ह्याला वाढवलं. हा किडकिडीत. महिन्याला एक ताप ठरलेला, आणि गोळी काही केल्या घशाखाली उतरायची नाही. तांब्याभर पाणी संपे, गोळी आपली जिभेवर बसलेलीच. मग ताई ती दोन चमच्यांच्या मध्ये धरून दाबायची. कर्रकन आवाज यायचा. साखरेत कालवून चमचा सरळ त्याच्या तोंडात. "मोडली की निम्मं दुखणं गेलं," असं ती म्हणायची, आणि त्याला ते खरंच वाटायचं.

एकदा अशीच एक गोळी तिनं चुरडून दिली आणि हा दिवसभर गरगरत पडून राहिला. ताई उशाशी बसून रडली, पण का झालं ते दोघांनाही कळलं नाही. पुढे औषधशास्त्र शिकायला गेल्यावर एका दुपारी वर्गात त्याच्या डोक्यात उजेड पडला. काही गोळ्या मोडायच्या नसतात. त्यांत औषध हळूहळू सोडायची युक्ती असते, आणि गोळी फोडली की युक्तीही फुटते. आपण आयुष्यभर हेच करायचं, असं त्यानं तिथल्या तिथं ठरवलं. घरी येऊन ताईला मात्र सांगितलं नाही. तिला वाईट वाटेल, म्हणून. लपवायची सवय माणसाला नेहमी चांगल्या कारणानंच लागते.

तर ही ताई. शिवणयंत्राची सुई तिच्या उजव्या अंगठ्यातून दोनदा आरपार गेलेली. त्या अंगठ्याचं नख जाड, मधोमध चिरलेलं, कायमचं. ह्याचं शिक्षण त्या अंगठ्यावर झालं, असं तो मित्रांत सांगायचा. सांगताना त्याचा गळाही दाटून यायचा. गळा दाटायला काही लागत नाही.

त्याच्या नावावर जी गोळी आहे, तिच्या मागे तो चार वर्षं होता. रक्तदाबाचं जुनंच औषध, पण दिवसातून तीनदा घ्यावं लागणारं. तीनदा म्हटलं की माणूस दुपारची विसरतो. ह्यानं ते एकदाच घेण्याजोगं केलं. आत औषध आणि वर एक पातळ पापुद्रा. पापुद्र्यातून पाणी आत झिरपणार आणि औषध बेताबेतानं बाहेर येणार, सोळा तास. बोलायला सोपं आहे. पापुद्रा केसभर जाड झाला की औषध आतच अडकून राही, पातळ झाला की पहिल्या तासातच सगळं बाहेर. शेकड्यानं घाणे फुकट गेले. बायको म्हणायची, तुमच्या पोटात गोळा आलाय गोळीपायी. मग एका मंगळवारी सहाच्या सहा भांड्यांत गोळ्या सारख्या चालल्या. पहिल्या तासाला इतकं, दुसऱ्याला इतकं, अगदी जिना उतरावा तसं. तो एकटाच भांड्यांसमोर टाळ्या वाजवत उभा राहिला.

आणि मग विक्री खात्याचे साहेब आले. साहेब गोड माणूस, कुणाला दुखवून बोलायचे नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की बाजारातल्या जुन्या गोळीला मधोमध रेघ आहे, डॉक्टरांना आणि लोकांना रेघेची सवय आहे, रेघ नसली की गोळी परकी वाटते. तेव्हा आपल्याही गोळीला रेघ हवी. ह्यानं सांगितलं की साहेब, रेघ म्हणजे इथं मोडा असं आमंत्रण, आणि ही मोडायची गोळी नाही. साहेब म्हणाले, शोभेची हो, नुसती शोभेची. पाकिटावर लिहू की अख्खी गिळावी म्हणून.

तो एक दुपार भांडला, हे त्याच्या बाजूनं लिहायलाच हवं. दुसऱ्या दिवशी त्यानं रेघेच्या सहा गोळ्या घेतल्या, हातानं मोडल्या आणि एकेक अर्धी भांड्यांत सोडली. सोळा तासांचं औषध वीस मिनिटांत पाण्यात उतरलं. सहाच्या सहा भांड्यांत. त्यानं आकडे नोंदवहीत लिहिले, पान साहेबांना दाखवलं. साहेबांनी चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, ठरलेल्या चाचण्यांच्या यादीत अर्ध्या गोळीची चाचणी आहे का? नव्हती. मग न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपण कशाला द्यायचं, साहेब म्हणाले, आणि चहा मागवला.

प्रयोगशाळेच्या नोंदवहीतलं पान फाडता येत नाही. पानांना आकडे असतात. खोडायचं तर एकच आडवी रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, आणि बाजूला कारण, सही, तारीख. चहा संपल्यावर ह्यानं पट्टी घेऊन त्या पानावर रेघ मारली. बाजूला लिहिलं: चाचणी यादीत नाही. सही केली. वरिष्ठांकडे आणि सरकारी कचेरीत गेलेल्या अहवालात ते पान गेलं नाही.

आता कुणी म्हणेल, नोकरीचा प्रश्न, बिचारा काय करणार. बिचारा वगैरे काही नाही. त्याला कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काढून टाकणार नव्हतं. भांडत राहिला असता तर गोळी दाबायचे साचे नवे करावे लागले असते, आठ-दहा महिने गेले असते, आणि ह्याला दोन महिन्यांनी एका मोठ्या परिषदेत व्यासपीठावर उभं राहून ह्याच गोळीवर निबंध वाचायचा होता. कोटही शिवून आला होता. शिवाय मनात खोल दुसरंच बसलेलं होतं, आणि ते जास्त वाईट: अख्खी गिळा म्हणून लिहिल्यावरही मोडतो त्याला अक्कल नको का? मी एवढं डोकं चालवायचं आणि त्यांनी साधं वाचायचंही नाही?

पाकिटावर ते लिहिलं गेलं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. एवढं बारीक लिहिलं की लिहिल्याचं पुण्य लागतं आणि कुणी वाचेल ही भीतीही उरत नाही.

अकरा वर्षं गोळी चालली. प्रयोगशाळेत शिरल्याशिरल्या भिंतीवर तिचं चित्र होतं, भोपळ्याएवढं, फिकट हिरवं. तो रंगही ह्यानंच निवडलेला. मधली रेघ त्या चित्रात दारापासून दिसायची. रोज सकाळी तो त्या चित्राखालून आत जायचा आणि पहिली काही वर्षं मान वर करून बघायचाही. मग बघेनासा झाला. कामाची घाई असते, असं त्याला वाटायचं.

ताईच्या यजमानांना, म्हणजे भाऊजींना, डॉक्टरांनी हीच गोळी लावली तेव्हा ताईचा कोण आनंद. शेजारीपाजारी, भाजीवाली, सगळ्यांना सांगून झालं की आमच्या ह्यांची गोळी माझ्या भावानं काढलीय. भाऊजी छापखान्यात अक्षरं जुळवणारे, आता निवृत्त, तोंडानं तिखट. म्हणायचे, मेहुण्याचं खातोय बाबा रोज सकाळी. मधे एका लांबलेल्या दुखण्यात त्यांचा घसा अधू झाला. पातळ तेवढं उतरे, घट्ट अडके. एकदा गोळी अडकली आणि ते निळे पडेपर्यंत खोकले.

त्यानंतरचा रविवार. हा नेहमीसारखा ताईकडे जेवायला गेलेला. ताईनं पदराला हात पुसले, फळीवरचं पाकीट काढलं, हिरवी गोळी दोन्ही अंगठ्यांत धरली आणि टिचकन मोडली. अर्धी दुधात भिजवलेल्या पावाच्या घासात घालून भाऊजींना दिली. दुसरी अर्धी संध्याकाळसाठी वाटीत झाकली. ह्याचा घास हातातच राहिला.

"रेघ किती छान दिलीय रे," ताई म्हणाली. "सुरीसुद्धा लागत नाही. तुमच्यात कुणीतरी म्हाताऱ्यांचा विचार करणारं आहे बघ."

त्यानं काय करायला हवं होतं ते लहान पोरही सांगेल. तो एवढंच म्हणाला, ताई, मोडू नकोस, अख्खी देत जा. ती म्हणाली, अख्खी गिळवत नाही रे त्यांना, तू नव्हतास त्या दिवशी. का मोडायची नाही, हे ती विचारेल असं त्याला वाटलं. तिनं विचारलं नाही. भावानं काढलेली गोळी, भावाच्या लोकांनी दिलेली रेघ. तिला त्यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही. आणि का ते सांगायचं तर रेघेपासून सांगावं लागलं असतं, चहापर्यंत. मूग गिळून त्यानं जेवण संपवलं. डॉक्टरांना सांगून दुसरी गोळी लावून घेऊ, असं मनाशी म्हणाला. त्या आठवड्यात जमलं नाही. पुढच्या आठवड्यात परगावी बैठक होती. दुसऱ्यांच्या बाबतीत वीस मिनिटं म्हणजे किती, हे ज्याला पाठ, त्याला स्वतःचे पाच महिने कुठे गेले ते कळलं नाही.

भाऊजी न्हाणीघराच्या दारात पडले. सकाळची अर्धी गोळी घेऊन तासभरही झाला नव्हता. उठले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि कोसळले. खुब्याचं हाड मोडलं.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी एकेक विचारून घेतलं. गोळ्या कोणत्या, केव्हा, कशा देता. खाटेभोवती ताई, भाऊजींची थोरली बहीण आणि थर्मास धरून हा. ताईनं सांगितलं, मोडून देते, अर्धी सकाळी, अर्धी संध्याकाळी. डॉक्टरीणबाईंनी लेखणी खाली ठेवली. दिवसभर शंभर माणसं तपासलेली, आवाज चढला. ही गोळी मोडायची नसते, पाकिटावर लिहिलंय, वाचत का नाही तुम्ही लोक, असं बरंच बोलल्या. नणंदेला तेवढंच पुरलं. ती म्हणाली, "घरात गोळ्या बनवणारा भाऊ, आणि वहिनींना गोळी द्यायचं कळू नये. त्याला विचारलं तरी होतंत का?"

ताईनं ह्याच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"त्यानं सांगितलं होतं हो मला, मोडू नकोस म्हणून. मीच ऐकलं नाही."

आणि हा काय म्हणाला? काही नाही. थर्मासचं झाकण घट्टच होतं. ते त्यानं आणखी घट्ट केलं.

पुढचे दिवस त्यानं इस्पितळाच्या फेऱ्या मारल्या. डबा नेला, कागदपत्रं केली, धावपळीला म्हणून एक नंबर. लोक म्हणाले, भाऊ असावा तर असा. त्याला ते शब्द गळ्यात धोंड बांधल्यासारखे वाटत, तरी तो मान हलवून घ्यायचा. ताई मात्र बसल्याजागी आटत चालली. औषधांचा ताबा नणंदेनं घेतला होता. गोळ्यांची वेळ झाली की ती म्हणायची, वहिनी, तुम्ही राहू द्या, औषधाला हात नका लावू. बाईनं बाईला असं म्हणणं, त्यात शिवी कशाला हवी? ताई हात मागे घेऊन पदरात लपवायची. पाण्याचा पेला देतानासुद्धा विचारायची, देऊ ना? ज्या बाईनं सतराव्या वर्षी एक घर दोन हातांवर पेललं, ती आता पाणी द्यायला परवानगी मागत होती. त्यानं हे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. भाऊजींचं हाड डॉक्टरांनी सळी घालून सांधलं होतं. ताईचं सांधणं ह्याच्या एकट्याच्या हातात होतं, आणि तो जिन्यावरून चढ-उतार करत होता.

एका दुपारी तो कामावर गेला आणि दप्तरखान्यात जाऊन जुनी नोंदवही मागितली. दप्तरदार त्याच्याच वयाचा, गप्पिष्ट. म्हणाला, काय सहाभांडे, आठवणी लिहिताय की काय? त्यानं पान काढलं. आकडे जसेच्या तसे. एका रेघेनं काही झाकत नाही. नियमच तसा आहे. सहा भांडी, सहा आकडे, आणि बाजूला त्याचं सुबक अक्षर. त्याला वाटलं होतं, वाचून धक्का बसेल. तसं काही झालं नाही. ते पान त्याला पाठच होतं, अकरा वर्षं. त्या सहा भांड्यांना सगळं होतं, पोटाइतकी ऊब, पोटासारखं ढवळणं. अंगठा तेवढा नव्हता. आणि अंगठा ज्याच्या घरात होता, त्यानंच तो मोजला नाही. त्यानं पानाची नक्कल काढली, घडी करून खिशात घातली आणि आणखी तीन दिवस खिशातच बाळगली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं. कुणी सहज म्हटलं, काय हो, खिशात काय, तरी ह्याच्या तोंडचं पाणी पळायचं.

चौथ्या दिवशी जिन्याच्या वळणावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या बाकावर ताई एकटी बसलेली दिसली. हा शेजारी बसला. नक्कल काढली, मांडीवर पसरली आणि बोलायला लागला. पण कसा, तर भांड्यांपासून. पापुद्रा, पाणी झिरपणं, तासागणिक किती, सरासरी किती. शिकलेल्या माणसाला लाज वाटली की तो शास्त्र सांगतो. ताईनं थोडा वेळ ऐकून घेतलं.

"भांडी राहू दे. रेघ कुणी दिली?"

"मागितली दुसऱ्यांनी. दिली मी."

"मोडायला दिली होती का?"

"नाही. शोभेला."

टाकीचा नळ ठिबकत होता. खालून कुणीतरी चाकाची खुर्ची वर आणत होतं, तिचं एक चाक दर पायरीला आपटत होतं. ताईनं ती खुर्ची जाऊ दिली.

"मी पहिल्यांदा मोडली, तेव्हा तू समोर जेवत होतास."

"होतो."

"आणि मी रेघेचं कौतुक केलं."

त्यानं मान डोलावली. मग तो म्हणाला की मला माफ कर, आणि असंही म्हणाला की रात्रंदिवस माझ्या जिवाला किती टोचतंय ते तुला कसं सांगू. हे म्हणायला नको होतं. ताई एकदम उठली.

"तुझ्या जिवाचं तू बघ. मला कशाला सांगतोस? मी तर तुला काही म्हटलेलंच नाही. ज्यांच्यापुढे मी मान खाली घातली, त्यांच्यापुढे सांग." दोन पायऱ्या चढून ती वळली. "आणि मला सांगितलंस तसं नको सांगूस. त्यांना कळेल असं सांग."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता डॉक्टरीणबाईंची फेरी आली. नणंद औषधांची पिशवी मांडीवर घेऊन स्टुलावर. ताई खिडकीशी, पाठमोरी. हा दाढी करून, तो परिषदेचा कोट घालून आलेला. का घातला ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि आत आल्यावर कोट त्याला जळता वाटायला लागला. डॉक्टरीणबाई पुढच्या खाटेकडे वळणार तेवढ्यात तो म्हणाला, जरा ऐकाल का. सव्वीस वर्षांत त्यानं कितीतरी व्यासपीठांवरून भाषणं ठोकली होती. इथं पहिलं वाक्य त्यानं दोनदा सुरू केलं. मग त्यानं सांगितलं. ही गोळी मी बनवलीय. मोडली तर सगळं औषध एकदम बाहेर येतं, हे मला माहीत होतं, मी स्वतः करून पाहिलं होतं. तरी मोडायची रेघ मीच राहू दिली, आणि पाहिलेलं लपवलं. बहिणीला मोडताना बघितलं तेव्हाही खरं कारण सांगितलं नाही.

नणंदेनं शास्त्र बाजूला ठेवलं आणि नेमकं विचारलं, "म्हणजे चूक कुणाची म्हणायची?"

"माझी. ताईची नाही."

डॉक्टरीणबाईंनी नक्कल वाचली, दोनदा. मग त्या म्हणाल्या की गोळीनंच पडले असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, ह्या वयात पडायला शंभर कारणं असतात. ह्याला एकदम सुटल्यासारखं झालं. अगदी खरं सांगायचं तर त्याचं तोंड उघडलंही होतं, हो ना, तसंही असू शकतं, असं म्हणायला. खिडकीशी पाठमोऱ्या ताईचे खांदे त्याला दिसले. त्यानं तोंड मिटलं. मग म्हणाला, शंभर असतील. त्यातलं हे एक मी दिलेलं आहे.

खाटेवरून भाऊजींचा घोगरा आवाज आला. "थोडक्यात, मेहुण्यानं पाडलं." कुणी हसलं नाही. भाऊजी स्वतःच थोडं हसले, मग त्यांना खोकला आला, आणि मग तेही हसले नाहीत. ह्याच्याकडे न बघता म्हणाले, "मला पाडलंस ते मी बघून घेतलं असतं रे. तिला कशाला पाडलंस?"

औषधानं अपाय झाला तर कळवायचा एक छापील कागद असतो. डॉक्टरीणबाईंनी तो मागवला आणि त्याच्यापुढे सरकवला. आवाज आता साधा होता. कळवणाऱ्याचं नाव, रुग्णाशी नातं, व्यवसाय. व्यवसायाच्या रकान्यात इतकी वर्षं तो शास्त्रज्ञ असं ठसठशीत लिहीत आलेला. आज त्यानं लिहिलं: ही गोळी बनवणारा. निघताना डॉक्टरीणबाई खिडकीपाशी थांबल्या, ताईला म्हणाल्या, त्या दिवशी मी जास्त बोलले. ताईनं मान डोलावली. मग ती स्टुलापाशी आली आणि हात पुढे केला. नणंदेनं पिशवी दिली. ताईनं बाराची, पाण्यात विरघळणारी गोळी काढली, पेल्यात पाणी ओतलं आणि कुणाला न विचारता नवऱ्याच्या मानेखाली हात घातला.

ह्यानं तो कागद सरकारी कचेरीत पाठवला, सोबत पानाची नक्कल. प्रयोगशाळेतही एक प्रत दिली. मग जे व्हायचं ते झालं. चौकशी बसली, गोड बोलणारी माणसं आली, अकरा वर्षं गप्प होतात मग आत्ताच काय झालं, असं त्यांनी विचारलं. आणि प्रश्न वाजवी होता, हीच तर गोची. ह्याला भांड्यांपासून उचलून कोपऱ्यातल्या टेबलावर बसवलं, पाकिटांवरचा मजकूर तपासायला. सहाभांडे म्हणणं लोकांनी हळूहळू सोडलं. भिंतीवरचं भोपळ्याएवढं चित्र उतरलं, तिथं रंगाचा चौकोन उरला. अख्खी गिळावी ही अक्षरं मोठी झाली, एवढं त्याच्या टेबलावरून झालं. रेघ मात्र अजून आहे. साचे बदलायला वेळ लागतो, असं उत्तर येतं. आठ-दहा महिने लागतात, हे ह्याच्याइतकं कुणाला ठाऊक? दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो त्या उत्तराला उलट उत्तर लिहितो. त्याची आता कुणाला भीती वाटत नाही आणि त्याचा कुणाला आदरही वाटत नाही. त्याची तक्रार नाही. करायला तोंडही नाही.

भाऊजी काठीवर चालतात. त्यांची गोळी बदलली. रविवारचं जेवण बरेच महिने बंद होतं. मग एकदा ताईचा निरोप आला, ये. तो गेला. तिनं वाढलं, भाजी हवी का विचारलं, बाकी काही बोलली नाही. कौतुक तर नाहीच. भाजीवालीला ती आता सांगत नाही की भाऊ काय करतो. ताट अर्धं झाल्यावर तिनं फळीवरून नवं पाकीट काढलं आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवलं.

"ही मोडायची?"

त्यानं चष्मा लावला, पाकीट खिडकीकडे नेऊन मागून-पुढून वाचलं. ही गोळी त्याच्या ओळखीची नव्हती. तिलाही मधोमध रेघ होती, सरळ, सुबक. लिहिलेलं कुठंच काही नव्हतं. पूर्वीचा तो असता तर अंदाजानं ठोकून दिलं असतं. सव्वीस वर्षांचा अंदाज, सहसा बरोबरच यायचा.

"माहीत नाही," तो म्हणाला. "विचारून सांगतो."

"विचार," ताई म्हणाली.

हात धुऊन तो इस्पितळात फोन लावायला दारात जाऊन उभा राहिला. पलीकडून थांबा म्हणाले, म्हणून थांबला. आत भाऊजी पावाचा घास ताटात तसाच ठेवून बसलेले. ताईनं गोळी तळहातावर घेतली होती. चिरलेल्या नखाचा अंगठा गोळीच्या बाजूला टेकलेला होता, रेघेवर नाही. ती त्याच्या पाठीकडे बघत होती.